किडकी बोरं आणि मेहताबचे डोळे

चिंचेखाली निम्मं गाव जमलं होतं. नळीबाबाने फक्रुद्दीनच्या मेहताबला पुढ्यात बसवलं, पितळी नळीचं एक टोक तिच्या डोळ्याच्या कडेला लावलं आणि दुसरं आपल्या तोंडात धरायच्या आधी तो गरजला, "सोड बुबुळ, धर नळी! सात नद्या वलांड, पन पोरीचा डोळा सोड!" मग नळीतून सूं करून ओढलं आणि थाळीतल्या पाण्यात थुंकला. पाण्यात पांढरी अळी वळवळली.

"हाय का न्हाई किडा?"

"व्हय, व्हय!" गाव म्हणालं. बायकांनी कानशिलावर बोटं मोडली.

मी मागे उभा होतो. साल १९४६. मी लोकल बोर्डाचा देवी टोचणारा. शेवगावच्या पूर्वेकडची गावं माझ्याकडे. मला पाहिलं की हीच माणसं पोरं कडब्याच्या गंजीत दडवतात. सरकारी सुई नको, पण अनोळखी माणसाची थुंकी डोळ्याला चालते! एरवी मी चिडून बोललो असतो. त्या दिवशी मात्र भीती वाटत होती, कारण आठच दिवसांपूर्वी शेजारच्या वाडीच्या सूर्यभानच्या उजव्या डोळ्यात मी पांढरं फूल पडलेलं पाहिलं होतं; त्या डोळ्याला दिसत नव्हतं. किड्याची अंडी जाळायची म्हणून बाबाने त्या डोळ्यात रुईचा चीक घातला होता.

मेहताब दहा वर्षांची. दर साली ज्वारीचं खळं सुरू झालं की तिचे डोळे लाल व्हायचे, पापण्या सुजायच्या, डोळ्यांतून चिकट तारा निघायच्या. या दिवसांत घरादाराचा मुक्काम खळ्यावरच. दिवसा उपणणीचा कोंडा अंगावर आणि रात्री त्याच भुसकटाशेजारी झोप. गेल्या आठवड्यात बाबाने तिचे किडे पहिल्यांदा काढले आणि पथ्य सांगितलं: तीन दिवस चिंचेखालीच राहायचं, खळ्याकडे फिरकायचं नाही, डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी. पोर चौथ्या दिवशी हसत घरी गेली. गाव बाबाच्या पाया पडलं. मग ती पुन्हा खळ्यावर आली आणि दिवस मावळेपर्यंत डोळे पूर्वीसारखेच सुजले.

"अंडी ऱ्हायली आत," बाबाने आता निदान केलं आणि झोळीतून वाटी काढली. वाटीत पांढरा चीक होता. "दोनच थेंब. जाळून टाकतो."

मी गर्दी सारून पुढे झालो. "फक्रुद्दीनभाई, थांबा! त्याने पोर आंधळी होईल."

"तुमी तुमच्या सुया टोचा, देवीवाले," फक्रुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. "रातभर डोळं चोळती, रडती. बापाला बगवत न्हाई. दुसरं काय करू, सांगा?"

तेवढ्यात मेहताब मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "अब्बा, बाबाच्या तोंडाला बोराचा वास येतो. मागल्या बारीलाबी आल्ता."

"परसादाची बोरं खातो मी, बाळे," बाबा हसला.

"परसाद कशाचा?" गर्दीतून दगडाबाई बोलली. ती बोरं विकायची. हंगाम संपत आला होता, निम्मी बोरं किडकी निघत. ती बाई इमानाने किडकी वेगळी काढून पदरात बांधी आणि मगच पाटी विकायला आणी. "चांगली घे म्हनलं तर घेत न्हाई. रोज किडकीच मागतो. शेळीला पायजेत म्हनं."

"बाबा, शेळी कुठं आहे?" मी विचारलं.

सगळ्यांनी चिंचेभोवती पाहिलं. शेळी सोडा, लेंडीसुद्धा नव्हती.

मी दगडाबाईकडून एक किडकं बोर घेतलं, फोडलं आणि आतली अळी त्याच थाळीत टाकली. दोन्ही अळ्या शेजारी शेजारी वळवळू लागल्या. डोळ्यातली कोणती आणि बोरातली कोणती, हे एकालाही सांगता येईना.

तेव्हा मेहताबची आई सरवरी पुढे झाली. सगळ्या गावात चार शब्द न बोलणारी बाई. तिने पाण्याचा तांब्या बाबापुढे धरला. "चूळ भरा, बाबा. मंग काढा किडा."

"मंतर मोडंल!"

"मोडू द्या. चूळ भरा."

बाबाने तोंड गच्च मिटलं. फक्रुद्दीनने त्याचा जबडा धरून दाबला, तसा गालातून बोराचा चघळलेला गर थाळीत पडला आणि त्यातून आणखी दोन अळ्या बाहेर आल्या. वाटीतला चीक सरवरीने मातीत ओतला.

"पन मग तीन दिवस तिला बरं कसं वाटलं?" फक्रुद्दीनने विचारलं. प्रश्न रास्त होता.

"खळ्यापासून लांब होती म्हणून," मी म्हणालो. "काही डोळ्यांना धूळ, कोंडा, फुलांची भुकटी सोसत नाही. नगरचे डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणतात. ती तार किड्याची नाही. धुळीवर चिडलेला डोळाच ती गाळतो. गार घडीने आग निवाली. गुण पथ्याचा, मान किड्याला."

मेहताबला खळं उरकेपर्यंत मावशीकडे पाठवलं. तिचे डोळे निवळले.

पण त्या दिवशीची एक गोष्ट अजून माझा पिच्छा सोडत नाही. गर्दीत सूर्यभानही होता. दुसरा डोळाही खाजतो म्हणून तो झाडून घ्यायला आला होता. त्याने थाळीवर वाकून अळ्या पाहिल्या. मग त्याने विचारलं, "देवीवाले, माजं फूल आता उतरंल का?"

मी नगरच्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली. नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही. ही चूळ सूर्यभानच्या वेळीच कोणी भरायला लावली असती तर!

म्हणून सांगतो. डोळा खाजला तर चोळू नका. धुळीतून बाजूला व्हा, हात-तोंड आणि केस धुवा, गार पाण्याची घडी ठेवा. दुखलं किंवा अंधुक दिसलं तर दवाखाना गाठा. आणि कुणी तुमच्या डोळ्यातून किडा काढून दाखवला, तर पाया पडण्याआधी त्याला चूळ भरायला लावा.