धाकट्या नळाचा सूड

माझ्या थोरल्या भावाला उपटून कुठं नेलं? हे मी वॉर्डातल्या प्रत्येकाला विचारलं. माझ्यासमोर वाकून चूळ भरणाऱ्यालाही विचारलं. कुणी सांगितलं नाही. नळाला कोण उत्तर देतं?

मी कोपरानं उघडायचा नळ बोलतोय. संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात, ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या वॉर्डात होतो. आता भंगाराच्या पोत्यात आहे. मला शाळा नाही. पाणी सोडायचं आणि थांबवायचं, एवढंच शिकलो. म्हणून सरळ बोलतो, आणि रागानं बोलतो.

चितेगावच्या एका कारखान्यात आम्ही दोघं एकाच दिवशी घडलो. तो साच्यातून आधी निघाला, म्हणून थोरला. दोघांनाही वीतभर लांब दांडा. तो शोभेसाठी नव्हता. घाण हात नळाला लावायचे नाहीत. कोपरानं ढकलायचं, हात धुवायचे, कोपरानंच बंद करायचं. एका पेशंटचा रोग दुसऱ्याकडं जाऊ नये, यासाठी आमचा जन्म.

वॉर्डात लोकांनी आमची खुंटी केली. कुणी डब्याची पिशवी अडकवायचं, कुणी ओला रुमाल. वॉर्ड पुसणाऱ्या गीताबाई मावशी तेवढ्या त्या पिशव्या उतरवायच्या. "आरं, माझी लेकरं हायेत ही. मानंला झोंबू नका त्यांच्या!" असं ओरडायच्या आणि आम्हाला चिंचेनं घासून लख्ख करायच्या.

एके दिवशी मुकादम रामहरीनं सामानाची जड पिशवी थोरल्याच्या दांड्याला लटकवली. दांडा वाकला. थोरला ठिबकू लागला. आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते कैक दिवसांनी, बाकी सगळा टँकर. रामहरी म्हणाला, "हे नळ पाणी पितेत नुसते." पान्हा लावला, थोरल्याला पिळून काढलं आणि भोकात लाकूड ठोकलं. माझा दांडा सुतळीनं बांधला. खाली बादली ठेवली, तिच्यावर मग्गा. रोज सकाळी सुतळी सोडून बादली भरायची, की दिवसभर सगळ्यांनी त्यातच भागवायचं.

मग्गा कुणी वापरलाच नाही. सरळ हात बुडवायचे. पट्टी बदललेले हात, लघवीची पिशवी रिकामी केलेले हात, भाकर खायला निघालेले हात. संध्याकाळपर्यंत पाण्यावर साय धरायची.

झेबा सिस्टर भांडली. "रामहरीभाऊ, हे हात धुणं नाय. सगळ्यांची घाण सगळ्यांना वाटणं हाय."

"त्यात औषध टाकलंय की सिस्टर. तेवढं लई झालं. टँकर काय तुमच्या अब्बांचा हाय?"

"अब्बांचा असता तर तुम्हाला थेंब नसता दिला!"

मी माझ्या परीनं सूड घेत होतो. सकाळी रामहरीनं सुतळी सोडली की त्याच्या पँटीवर नेमका फवारा मारायचो. झेबा सिस्टर म्हणायची, "भाऊ, संडास तिकडं हाय ना!" वॉर्ड हसायचा. माझं पोट भरत नव्हतं.

मग गीताबाईंचं बोट पत्र्यानं कापलं. त्याच बोटानं त्या बादलीत फडकी पिळत राहिल्या. बोट सुजलं, हात सुजला, विष रक्तात गेलं. त्यांना शेजारच्या वॉर्डात नेलं, तिथून परत आणलं नाही. रामहरी म्हणाला, "शुगर आसंल म्हातारीला." एवढंच. त्याच बादलीत हात बुडवला आणि जेवायला गेला.

त्या दिवशी मी ठरवलं. याचं कुणीतरी असंच जावं.

आणि आलं की! रामहरीची आई, कस्तुराबाई. गंगापूरहून जीपनं आणली. पायाचं ऑपरेशन झालं, माझ्या समोरच्याच खाटेवर ठेवली. पोरगा दिसला की म्हातारी म्हणायची, "बाळा, जेवलास का रं?" मी दात खात ऐकायचो.

सकाळी झेबा सिस्टरनं पट्टी सोडली. जखम लाल, ओली, उघडी. म्हातारी कळवळली. "रामहरी, पाय धर रं माझा, हलतोय."

"आलो, माय. हात धुतो."

तो बादलीकडं वळला. सवयच ती.

मला काहीच करायचं नव्हतं. बांधलेला होतो, तसंच राहायचं. त्यानं हात बुडवावेत, त्या हातांनी पाय धरावा. गीताबाईंचं जे झालं ते त्याच्या आईचं व्हावं. बघून घ्यावं मी डोळे भरून. त्याचं मनगट बादलीवर आलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. मारावं याला. आत्ता.

सगळा जोर लावला. सुतळी तुटली, दांडा मुळातून निखळला आणि फाडकन त्याच्या मनगटावर बसला. "आयो!" करून तो मागं कोलमडला, लाथ लागून बादली कलंडली. कालचं सायीचं पाणी मोरीत गेलं. माझ्या फुटक्या गळ्यातून धार उसळली.

"पान्हा आणा!" रामहरी ओरडला.

"पान्हा गेला खड्ड्यात! आधी हात धरा खाली," झेबा सिस्टर ओरडली. "वाहत्यात धुवा. साबण लावा. नखं पण!"

"सिस्टर, टाकी रिकामी व्हईल."

"होऊ द्या. आई हाय ना तुमची?"

त्यानं हात धरले. त्याच हातांनी थोरल्याला पिळलं होतं. मी माफ केलं नाही. पण बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत त्याची सगळी घाण निघेपर्यंत मी वाहत राहिलो.