जिवंत माणसाच्या नावे

"जिवंत माणसाच्या नावे नाही होत, मावशी," पापकबुलीच्या जाळीपलीकडून फादर म्हणाले. "दंडमाफी स्वतःसाठी घ्या, नाहीतर गेलेल्या आत्म्याला द्या. जिवंत असेल तर त्यानं स्वतः यायला हवं."

"तोच तर येत नाही ना, फादर. मुलगा माझा. बापाशी भांडून बोटीवर चढला, तो चढलाच. सात वर्षं झाली."

"म्हणजे वारला?"

"तसं कुणी सांगितलं नाही."

"मग जिवंत आहे?"

"तसंही कुणी सांगितलं नाही."

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. "मग हे तुम्हालाच ठरवावं लागेल," फादर हळूच म्हणाले.

घ्या आता. पोलिसांनी हात टेकले, बोटीच्या कंपनीनं कानांवर हात ठेवले, आणि ठरवायचं कुणी, तर लॉन्ड्रीत जन्मभर हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या म्हातारीनं, तेही दुखऱ्या गुडघ्यांवर बसून.

इथं यायचं सुनेनं काढलं होतं. ह्या वर्षी ह्या चर्चला येऊन जो पापं कबूल करील, ख्रिस्तशरीर म्हणून वेदीवरची भाकर घेईल आणि पोपसाहेबांसाठी प्रार्थना करील, त्याची सगळी शिक्षा धुऊन निघेल, आणि ती माफी मेलेल्यालाही देता येईल, असं गावातल्या फादरांनी रविवारच्या उपासनेत, मिस्सात सांगितलं. "जाऊ या का, आई?" सून एवढंच म्हणाली. म्हातारी काही दूधखुळी नव्हती. पाणी कुठं मुरतंय, ते तिला कळत होतं.

सूनही त्याच लॉन्ड्रीत. चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. घडी घालायला दोघी समोरासमोर चालत यायच्या आणि बोटांना बोटं लागायची. लॉन्ड्रीतले पडदे शिवणाऱ्या शिंप्यानं सुनेला लग्नाचं विचारलं होतं. बायको वारलेला, सरळमार्गी माणूस. सून त्याला हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. "तुमच्या तोंडून 'तो गेला' असं येईपर्यंत मी काही करायची नाही," असं तिनं सासूला एकदाच सांगितलं होतं. "मग बस तशीच," सासूनं उत्तर दिलं होतं. ते आठवलं की म्हातारीला स्वतःचीच चीड यायची. पण माघार घ्यायची म्हणजे पोटच्या पोराला आपल्या जिभेनं मारायचं.

म्हणून तिनं मनात बेत केला होता. माफी त्याच्याच नावे घ्यायची, पण जिवंत समजून. सुनेचंही मन राहील, आपलीही आशा राहील. फादरांनी तो बेत दोन वाक्यांत मोडला.

मिस्सा झाली. ख्रिस्तशरीर घेतलं, प्रार्थना म्हटल्या. नाव घ्यायचं तेवढं राहिलं. 'माझ्या मुलाच्या आत्म्याला' हे तीन शब्द. पहिले दोन नीट यायचे. तिसऱ्याशी जीभ टाळ्याला चिकटायची. तिनं पुन्हा पुन्हा धडपड केली. शेवटी सेवेकरी केरसुणी घेऊन बाकांखाली झाडू लागला, तशी ती उठली. कुणाला दिली नाही, म्हणजे माफी तिचीच राहिली. अख्ख्या जन्माचा मळ निघाला होता आणि तिला आपलीच शिसारी आली.

दारात सून उभी होती. सोड्यानं चिरलेली बोटं एकमेकांत गुंतवलेली, भांगात पांढरं दिसू लागलेलं.

"झालं?"

"झालं."

"कुणाला दिलीत?" हे तिनं इतक्या हळू विचारलं की नसतं विचारलं तरी चाललं असतं.

"त्याला," म्हातारी म्हणाली. "गेला गं तो. त्याच्या आत्म्याला दिली."

देवाच्या दारात धडधडीत खोटं. नुकतीच इस्त्री केलेली चादर उंबऱ्यातच चिखलात पडावी, तसं झालं. पण बोललेलं तिनं परत घेतलं नाही.

सून पायरीवर बसली आणि रडायला लागली. बातमी जणू आत्ताच आली होती. येणारेजाणारे वळून बघत होते. म्हातारी गुडघे धरत तिच्याशेजारी टेकली.

बऱ्याच वेळानं सुनेनं नाक पुसलं. "आई, शेवटी त्यांना फार त्रास झाला असेल का हो?"

म्हातारी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. आता हेही तिलाच ठरवायचं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "त्याला पोहता कुठं येत होतं. लवकर झालं असेल."