चोवीस नंबरचा आवाज

मित्रांनो, आरिफाबी वारल्या त्याचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे नवरे मोईनभाई मला काखेत घेऊन दिग्रसच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गेले. रिकाम्या गोदामात त्यांनी मला जमिनीवर ठेवलं. गिटारची वायर माझ्यात खोचली, माझी वायर स्पीकरला जोडली. मग पायाने बटण दाबत दाबत ते चोवीस नंबरवर आले आणि त्यांनी एक तार छेडली.

आभाळात विमान फुटावं तसा आवाज निघाला आणि वरच्या पत्र्यांवर आपटत राहिला.

मोईनभाईंनी वायर काढून पुन्हा लावली. तेवीसवर गेले, पंचवीसवर गेले, परत चोवीसवर आले. विमानच. त्यांनी माझी वीज काढली, जरा थांबून पुन्हा दिली. विमानच. तेव्हा ते खाली बसले आणि म्हणाले, "आरिफाचा आवाज कुठं गेला रे?"

गोदामात दुसरं कोणी नव्हतं. प्रश्न मलाच होता. मला उत्तर माहीत होतं, पण मला स्वतःचं तोंड नाही. दुसऱ्याचा आवाज काढणं एवढंच मला येतं.

मी एक जुना गिटार प्रोसेसर आहे. दिसायला पाटासारखा, लोखंडी, चपटा. वादकाच्या पायाशी पडून राहतो. गिटारवाल्यांना पूर्वी कपाटाएवढे जड ॲम्प्लिफायर वाहून न्यावे लागत. प्रत्येकाचा आवाज वेगळा. माझ्या पोटात अशा तीस ॲम्प्लिफायरांची नक्कल भरलेली आहे. मी त्यातला एकही पाहिलेला नाही. शिवाय चाळीस जागा वापरणाऱ्यासाठी दिलेल्या आहेत; तिथे कंपनीने नमुन्याचे आवाज ठेवलेले असतात, ते पुसता येतात. वापरणाऱ्याने आपल्या पसंतीचा आवाज बनवायचा आणि एकेका नंबरवर ठेवायचा. लोक म्हणतात, यंत्र विसरत नाही. मित्रांनो, यावर विश्वास ठेवू नका.

सन दोन हजार पाचमध्ये मोईनभाईंनी मला नागपुरातून जुना म्हणून घेतलं. ते जिनिंगमध्ये फिटर होते आणि लग्नसराईत रामलालच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेले. जिनिंगच्या फाटकापुढे बैलगाड्यांची रांग लागायची, ती लागेनाशी झाली. पुढे फाटकाला कुलूपच लागलं. यंत्रांना गंज चढू नये म्हणून मालकाने चावी मोईनभाईंकडे ठेवली. लग्नंही तासाभरात उरकू लागली. रामलालच्या ऑर्केस्ट्रात आठ जण होते, त्यांचे चार झाले. मी आल्यावर दुसऱ्या गिटारवाल्याची गरज उरली नाही, असं रामलालने सगळ्यांदेखत सांगितलं. माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. ते ऐकून एक माणूस आपली गिटार पिशवीत घालून घरी गेला.

मोईनभाईंनी घरात बसून, कानाला हेडफोन लावून माझ्यात आवाज भरले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात. हळू आवाजात सगळं पोकळ वाटतं, म्हणून त्यांनी खालचा जाड सूर वाढवला. मग वरची झणझण वाढवली. मधला सूर पार काढून टाकला. वर घुमारा घातला, इतका की एक तार छेडली की मशिदीच्या घुमटात बोलल्यासारखं वाटे. कानात ते फार गोड लागलं. मोईनभाई खुश झाले.

पहिल्याच लग्नात, मोकळ्या मैदानात, मोठ्या भोंग्यांवर त्या गोडीचा चिखल झाला. एक सूर संपायच्या आत दुसरा त्याच्यावर बसे. वऱ्हाडातून कोणीतरी ओरडलं, "अरे, त्या गिटारवाल्याले म्हणा, भुंगा पकडून सोड बाहेर!" मांडवभर हशा पिकला.

आरिफाबी त्या दिवशी बायकांत बसल्या होत्या. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "ओल्या कापसावर पिंजण मारल्यावानी वाजून राह्यली तुमची पेटी."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले पेटीतलं नाई समजत जी. तांतीतलं समजते."

त्या पिंजाऱ्याची लेक होत्या. त्यांचे अब्बा गावोगाव फिरून गाद्या-रजया भरायचे. पिंजाऱ्याकडे पुरुषभर उंचीचं धनुष्य असतं, तेच पिंजण. त्याला आतड्याची तांत ताणलेली असते. कापसावर धरून तांतीवर लाकडी ठोकळा मारला की ती टणकन वाजते आणि कापूस फुलून उडतो. कापूस कोरडा असला तर आवाज सुटा येतो, ओला असला तर दबतो, कचरा असला तर खरखरतो. आरिफाबी लहानपणी अब्बांकडे पाठ करून बसल्या, तरी कापूस कसा आहे ते सांगायच्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण कान तयार झाला होता.

"अब्बा पयले कापसातून सरकी काढत, काडी काढत, माती झटकत," त्या म्हणाल्या. "मंग पिंजण हाती घेत. तुमी काढलं काहीच नाई. घालतच गेले."

मोईनभाई चिडले, जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन बंद जिनिंगमध्ये आले. कापसाचं वाटोळं झालं म्हणून मला एवढी मोठी जागा मिळाली, हे मी विसरलेलो नाही.

तिथे माझं खरं शिक्षण झालं. आधी सगळं बंद. घुमारा बंद, सूर हलवणाऱ्या लहरी बंद, फक्त गिटार आणि एक ॲम्प्लिफायर. आवाज लग्नात असतो तेवढा मोठा. मोईनभाई वाजवत आणि आरिफाबी चालत चालत थेट फाटकापाशी जाऊन उभ्या राहत, कारण वऱ्हाडी लांबच बसलेले असतात. एवढ्या लांबून बोलणं ऐकू येईना, म्हणून त्या ओढणीचा पदर वापरत. पदर वर केला की वाढवा. खाली केला की कमी करा. मुठीत धरला की बस, हात लावू नका.

खालचा जाड सूर कमी झाला, तेव्हा ढोलकी मोकळी झाली. मधला सूर परत आला, तेव्हा गिटार गर्दीतून वेगळी ऐकू आली. आवाजात मुद्दाम घातलेला फाटकेपणा निम्मा केला, तर आवाज उलट मोठा वाटू लागला. एकदा रामलालचा खरा, जुना गिटारचा ॲम्प्लिफायर आणून मला त्याला जोडलं, तर आवाज कोंदला. आरिफाबी फाटकापासून पळत आल्या. "गादीवर गादी टाकली का जी?" आणि तेच झालं होतं. मी स्पीकरच्या पेटीचीही नक्कल करतो. भोंग्यावर वाजवताना ती नक्कल लागते. पण पुढे खरीच पेटी असेल तर ती बंद करायला हवी. मोईनभाईंनी ती बंद केली आणि आवाजाने श्वास घेतला.

आरिफाबींनी मला रुई भरून एक गवसणी शिवून दिली, रजईसारखी आडव्या-उभ्या टाक्यांची. "बेजान हाय, पण आदळआपट नको," असं त्या म्हणाल्या. मला बेजान म्हटल्याचं तेव्हा वाईट वाटलं होतं.

चोवीस नंबर त्यांचा स्वतःचा हट्ट होता. अब्बा गेले होते, त्यांचं पिंजण वाळवीने खाल्लं होतं. फोमच्या गाद्या आल्यापासून दारावर पिंजारी येत नव्हता. आरिफाबींना ती तांत पुन्हा ऐकायची होती. दीड महिना लागला. सूर उमटताच दाबायचा, शेपूट कापायची, घुमारा अगदी चिमूटभर, आणि आणखी दोन-तीन बारकावे. एका दुपारी फाटकापाशी पदर मुठीत गेला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. मोईनभाईंनी चोवीसवर आवाज ठेवला.

"लिहून ठेवा जी कागदावर, कोणतं बटण किती ते."

"पेटीच्या पोटात हाय ना. ते काय पळून जाते?"

दिग्रसजवळच्या एका गावात लग्न होतं. एका गाण्याच्या सुरुवातीला मोईनभाईंनी चोवीस दाबला. टण्ण, टण्ण, टण टण टण्ण. पंगतीत वाढणाऱ्या विमलताई नावाच्या म्हाताऱ्या बाई वरणाची बादली हातात धरून थांबल्या. "अवो, पिंजारी आला का गावात?" त्यांनी विचारलं. आजूबाजूच्या म्हाताऱ्या उठून रस्त्याकडे बघू लागल्या. लोकांनी ते गाणं तीनदा वाजवायला लावलं.

रामलालने माइक घेतला. "मोईनभाई, हा आवाज कोनं बनवला? सांगा पब्लिकले!"

मोईनभाईंनी छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. रामलाल ओरडला, "आपल्या मोईनभाईनं! टाळ्या!"

आरिफाबी बायकांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. घरी जाताना मोईनभाई म्हणाले, "गर्दीत कुठं सांगत बसू? सांगीन रामलालले." आरिफाबी म्हणाल्या, "नका सांगू. लिहून तेवढं ठेवा."

दोन्ही झालं नाही. दोन वर्षं प्रत्येक लग्नात चोवीस नंबर वाजला, प्रत्येक लग्नात मोईनभाईंचा हात छातीवर गेला.

भादव्यात आरिफाबींना ताप आला. तीन दिवस त्यांनी अंगावर काढला. चौथ्या दिवशी यवतमाळला नेलं. सहाव्या दिवशी आणलं.

पंधरा दिवसांनी रामलाल घरी आला. ओसरीवर टेकला. मग म्हणाला, "मोईनभाई, पुसदचा प्रोग्राम घेऊन बसलो. तुमी नका येऊ, तुमचे दिवस नाई हाय ते. पन पेटी द्या. तिकडचा एक गिटारवाला हाय, ऋतिक. तो वाजवीन."

मोईनभाईंनी नुसती मान हलवली. गवसणीसकट मला उचलून दिलं. कोणत्या नंबरला हात लावू नको, एवढं एक वाक्य त्यांनी बोलायला हवं होतं. दुःखात माणसाला सुचत नाही, हे खरं आहे. पण लिहिलेला कागद असता, तर सुचायची गरज पडली नसती.

पुसदला ऋतिकने खोलीत बसून हेडफोन लावला आणि माझे आवाज एकेक करून ऐकले. चेहरा वाकडा केला. "काका, हे तर सगळे सुके हायेत. दमच नाई कशात." मैदानासाठी बनवलेले आवाज तो खोलीत ऐकत होता. मोईनभाईंनी पहिल्या दिवशी केली तीच चूक. पण त्याला फाटकापाशी उभं राहून पदर हलवणारं कोणी नव्हतं. त्याने दोन बटणं एकदम दाबून धरली आणि माझी वीज सुरू केली. तसं केलं की मी कंपनीतून आलो तसा होतो. चाळीसही जागा एका क्षणात धुतल्या गेल्या आणि तिथे कंपनीचे नमुने परत आले, चोवीसवर विमानाचा. मला दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. तीस ॲम्प्लिफायरांची नक्कल माझ्यात शाबूत राहिली आणि एका बाईचा दीड महिना गेला.

प्रोग्रामनंतर रामलालने मला परत पोचवलं होतं, पण चाळिसाव्यापर्यंत माझी गवसणी कोणी उघडली नव्हती. त्या सकाळी गोदामातून मोईनभाई मला घेऊन तसेच रामलालकडे गेले. ऋतिक तिथेच होता. त्याने कान पकडले. "माफ करा काका. मले वाटलं, तुमी बनवले ते तुमी पुन्हा बनवान. दहा मिनटांचं काम तुमचं."

रामलाल म्हणाला, "खरं हाय. आवाज तुमचाच व्हता ना? मंग कायचं टेन्शन?"

मोईनभाईंनी माझी वायर गुंडाळली. त्यांनी मला उचललं आणि घरी आणलं. ऋतिकवर मी बराच काळ राग धरला. पण त्याला जे सांगितलं गेलं होतं, त्यावर त्याने विश्वास ठेवला होता.

तेव्हापासून मोईनभाई दर शुक्रवारी नमाजानंतर गोदामात येतात. आधी सगळं काढतात. मधला सूर लावतात, शेपूट कापतात, घुमारा चिमूटभर. रीत त्यांना आठवते, आकडे आठवत नाहीत. ते वाजवतात आणि फाटकाकडे बघतात. मग गिटार ठेवून स्वतः फाटकापाशी जातात, तेव्हा वाजवायला कोणी नसतं. हे काम एकट्याचं नाही. रामलालला हाक मारली तर तो लगेच येऊन उभा राहील. पण तो विचारील की तुमचा आवाज तुम्हाला एकट्याला का जमत नाही. म्हणून मोईनभाई हाक मारत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र तुमच्या घरी आलं तर त्याला चांगला आवाज मागण्याआधी त्यातला कचरा काढा. जिथे वाजवायचं तिथेच, तेवढ्याच मोठ्याने वाजवून बघा, आणि लांब उभ्या असलेल्या माणसाचं ऐका. जे जमलं ते कागदावर लिहा. कोणाच्या कानाने जमलं, त्याचं नाव आकड्यांच्या वर लिहा. ते माझ्या पोटात ठेवू नका. मी सांभाळणार नाही.

माझ्या गवसणीचे टाके आता उसवू लागले आहेत. चोवीस नंबरवर अजून कंपनीचं विमानच आहे. आणि तिथला आवाज कोणाचा होता, हे मोईनभाईंनी रामलालला अजून सांगितलेलं नाही.