दिव्याच्या माशाचा नवरा

खोटं बोलायची मला सवय नाही, आणि या वयात नवी सवय लागत नाही.

सव गावच्या रंगूबाईचा महाडच्या बाजारात मासळीचा ओटा आहे. एकुलती एक लेक सारिका. रंगूबाईची अट एकच: जावई घरी राहायला येत असेल तरच लग्न. वरंधचा सुशांत तयार होता. त्याचा बाप भागोजी मात्र पोराला घेऊन थेट ओट्यावर आला. म्हणाला, "आमच्यात पोरगा देत नाय, सून आणतात."

तेवढ्यात श्रीवर्धनहून आलेली पेटी फोडली. बर्फातून एक मासा निघाला. काळा कुळकुळीत, नारळाएवढा. तोंड अंगापेक्षा मोठं, दात आत वळलेले. कपाळावर एक काडी, काडीच्या टोकाला दिवा. पेटलेला. लाईट गेली होती, म्हणून रंगूबाईने त्या उजेडात दोन गिऱ्हाइकं उरकली.

माशाच्या पोटाला बोटाएवढं काहीतरी चिकटलं होतं. भागोजीने जळू समजून ओढलं. सुटेना.

"ओढू नका, तो तिचा नवरा आहे," कोळंबी घ्यायला आलेल्या प्रियदर्शिनीबाई म्हणाल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. "खोल समुद्रातल्या काळोखात हा तिला गाठतो, चावतो आणि तिथेच राहतो. कातडीला कातडी जुळते, रक्त एक होतं. मग याचे डोळे जातात, पर झडतात."

"खातो काय?"

"तिच्या रक्तातून मिळेल ते."

"आणि काम?"

"पिल्लं होण्यापुरतं."

भागोजी पोराकडे वळला. "बघ रे! घरजावयाचं ह्ये असं होतं!"

सुशांतने माशाकडे बराच वेळ पाहिलं. मग रंगूबाईला विचारलं, "कवापासून येऊ?"

लग्न झालं. शिमग्याला भागोजी पोराला न्यायला सवला आला. पालखी नाचवायला घरचा माणूस हवा. सुशांत सारिकाला टेकून बसला होता. सहा महिन्यांत त्याला जाड चष्मा लागला होता.

"चल रे गावाला."

"येतो की," सुशांत म्हणाला. हलला नाही.

भागोजीने दंड धरून ओढलं. सुशांत आला, पण खांद्याला खांदा तशी सारिकाही आली. मी स्वतः चाचपून पाहिलं, सांधा सापडला नाही. भागोजीने दोघांना तसंच रिक्षात घातलं आणि सून घरी आली म्हणून वरंधभर पेढे वाटले.

अट मोडली म्हणून रंगूबाईने तिथे जाऊन तोंडावर हात मारून बोंब ठोकली. पण शिमगाच तो. सगळं गाव तेच करत होतं.