मोतीरामची जागा

बुलढाण्याच्या कॉलेजात एक रॉक अँड रोल बँड होऊन गेला, असं कुणाला सांगितलं तर तो आधी सांगणाऱ्याचं कपाळ तापलंय का बघेल. पण होता. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. गिटारवर हिंमतराव, गाणाराही तोच. बेंजोवर देऊळघाटचा नजीर, आणि ड्रमवर साखरखेर्ड्याच्या किराणा दुकानदाराचा मोतीराम. ड्रम नजीरच्या बापाच्या लग्नाच्या बँडमधला, त्यामुळे लग्नसराईत रॉक अँड रोल बंद असे.

त्यांचं नाव झालं ते एका इंग्रजी गाण्यावर. ते त्यांनी रेडिओवर एकदाच ऐकलं होतं. नजीर बँडवाल्याच्या घरातला, एकदा कानावर पडलेली चाल बोटांत धरायचा. शब्द हिंमतरावाने दडपून दिले. प्राध्यापकांनाही ते कळेनात, तेव्हा इंग्रजीच असणार असं सगळ्यांनी धरलं. पण मधल्या कडव्याला स्टेशन घसरलं होतं, नुसती खरखर. तिथे काय करायचं? "तू बडव बे मोत्या," हिंमतराव म्हणाला. मग त्या जागी गिटार थांबे, बेंजो थांबे आणि मोतीराम एकटा वाजवी. गॅदरिंगला पोरं त्याच जागेची वाट बघत. सगळ्यांनी हातचं थांबवून मोतीरामचं ऐकावं, असं त्याच्या आयुष्यात तेवढंच एक ठिकाण होतं.

पुढे हिंमतराव मुंबईला नोकरीला लागला, नजीर बापाच्या बँडात गेला आणि मोतीराम गल्ल्यावर बसला. गिऱ्हाईक नसलं की तो मनात गाणं सुरू करी, आणि ती जागा आली की तेलाच्या रिकाम्या डब्यावर वाजवी. बायको गीताबाई आतून विचारी, कोण आलं? कुणीच आलेलं नसे. ते गाणं माहीत असलेला एकही माणूस गावात नव्हता. भरल्या घरात माणूस एकटा पडला तर तक्रार करायलाही तोंड नसतं. मोतीराम तसा एकटा होता.

बऱ्याच वर्षांनी कॉलेजने जुना बँड बोलावला. मोतीराम पहिल्या एसटीने गेला. तालमीच्या खोलीत हिंमतरावाने मोठ्या कौतुकाने मुंबईहून आणलेली रेकॉर्ड लावली. तेच गाणं. मोतीराम मान हलवत ऐकत होता. ती जागा आली, आणि तिथे गोरा गातच राहिला. चांगलं लांबलचक कडवं होतं तिथे.

"इतके वर्स आपन चुकीचंच वाजवलं," हिंमतराव हसत म्हणाला. "म्या कडवं पाठ केलं आहे. आता तिथं आमचं थांबाचं काम नाही, तू थांब."

मोतीरामने "हाव" म्हणत मान डोलावली. खऱ्या गाण्याशी भांडणार कोण? नजीर बेंजोच्या तारा लावत होता.

संध्याकाळी हॉल भरला. गाणं झोकात चाललं. ती जागा जवळ आली तसा मोतीरामने शहाण्यासारख्या दोन्ही काड्या मांडीवर ठेवल्या. आणि बेंजो थांबला. बेंजो थांबला तशी हिंमतरावाची चाल सुटली, पाठ केलेलं कडवं घशातच राहिलं. सगळा हॉल गप्प. त्या शांततेत मोतीराम खाली मान घालून, आपला काही संबंध नसल्यासारखा बसून राहिला. मग हिंमतरावाने कसंबसं पुढचं कडवं धरलं, आणि लोकांनी जेवढ्यास तेवढ्या टाळ्या दिल्या.

पडद्यामागे हिंमतराव नजीरवर तापला. मध्येच काऊन थांबला बे, असं त्याने दोनदा विचारलं.

नजीर बेंजोला गवसणी घालत होता. "हात थांबला," तो म्हणाला. "तिथं मोतीराम राह्यते."

नजीरची देऊळघाटची गाडी लागली होती, तो गेला.

घरी गीताबाईने विचारलं, तर बरा झाला कार्यक्रम, एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नसताना त्याने डबा पुढे ओढला आणि मनात गाणं सुरू केलं. ती जागा आली. पण रेकॉर्डवरचा गोरा काही थांबेना. मोतीराम डब्यावर हात ठेवून त्याचं कडवं संपायची वाट बघत बसला.