पालथं घमेलं

मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. काठाला पोचे आलेत, रंग कधीच गेला. पण आजवर एक थेंब गळू दिला नाही. नव्या प्लास्टिकच्या टोपल्यांनी माझ्यापुढे मिरवू नये. एका उन्हाळ्यात तडकतात मेल्या.

माझी उमेदीची वर्षं गवंड्याच्या हाताखाली गेली. वाळू, खडी, सिमेंट वाहून मी चार गल्ल्यांतली घरं उभी केली. गवंडी म्हणायचा, "हे घमेलं म्हणजे माझा उजवा हात." तो गेला, आणि त्याच्या बायकोनं मला परसात कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलं. कमीपणा वाटला, खोटं कशाला बोलू? पण भर दुपारी दहा चोची माझ्यात बुडाल्या, दहा माना वर गेल्या, घोट घशाखाली उतरले, आणि माझा तोरा उतरला.

गवंडीण तोंडानं फटकळ, हातानं नेटकी. मला भिंतीच्या सावलीत ठेवायची, सकाळ-दुपार घासून थंड पाणी भरायची. शेजारी कान तुटलेल्या कपात जाड वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. म्हणायची, "दात आहेत का यांना? पोटात खडे असतील तरच दाणा भरडणार. आणि शिंपला नसेल तर अंडं काय कागदाचं घालतील?"

मग ती पाय घसरून पडली आणि दोन महिने लेकीकडे राहिली. घर सुनेच्या हाती आलं. मित्रांनो, सून वाईट नव्हती. उलट फार चांगली होती, तिथंच घात झाला. घरचं धान्य निवडताना ती एक खडा राहू देत नसे. कोंबड्यांचे दाणेही तिनं ताटात घेऊन तसेच निवडले. परसात गुळगुळीत कोबा करून घेतला. कपातली वाळू घाण म्हणून फेकली. मला धुऊन पुसून पालथं घातलं, आणि पाण्याला डब्याचं एक झाकण ठेवलं. ते ऊन चढायच्या आत कोरडं व्हायचं.

कोंबड्यांना माझी जागा ठाऊक होती. दुपारी यायच्या आणि माझ्या पाठीवर चोच मारायच्या. टक्. टक्. माझ्या पोटात अंधार, पाठीवर ती टकटक. एवढी घरं उभी केली मी, पण स्वतःला सुलटं होता येईना.

कोंबड्या मलूल झाल्या. सून घाबरली, आणखी दाणे घालू लागली. टकटक एकेकीनं कमी होत गेली. शेवटी एकटी तांबडी उरली.

गवंडीण काठी टेकत परतली. तांबडीला उचलून तिनं गळ्याखालची पिशवी चाचपली.

"दगड झालाय इथं. काय घातलंस गं?"

"चांगलंच घातलं हो, आई. एकसुद्धा खडा जाऊ दिला नाही."

म्हातारीनं रिकामा कप बघितला. मग म्हणाली, "अगं बाई, खडा आपल्या ताटातला काढायचा. त्यांच्या नव्हे."

सुनेनं रिकाम्या परसाकडे पाहिलं. "म्हणजे... मीच मारलं त्यांना?"

"रडायचं मागनं बघू. आधी ते घमेलं सुलटं कर. पालथ्या घड्यावर पाणी बहुत ओतलं मी या घरात. आज सुलट्यात ओत."

सुनेनं मला उलटलं, पाणी ओतलं, कपात पुन्हा जाड वाळू भरली. उजेड डोळ्यांत गेला. तीन दिवस तिनं तांबडीला मांडीवर घेऊन थेंब थेंब पाणी पाजलं, पिशवी हलक्या हातानं चोळली. चौथ्या दिवशी तांबडी आपल्या पायानं कपापाशी गेली आणि तिनं एक खडा उचलला.

आता परसात पुन्हा दहा आहेत. पण दुपारी सगळ्या पिऊन सावलीला बसल्या, की माझ्या तळाखालून टकटक येते. तिथं कुणी नसतं. सूनही ऐकत असावी. हातातलं काम टाकून येते आणि भरलेल्या घमेल्यात पुन्हा पाणी ओतते.

मित्रांनो, कोंबडीला मागता येत नाही, नुसतं टोचता येतं. तुमच्या परसात काही पालथं पडलं असेल, तर आजच सुलटं करा. टकटक चालू आहे तोवर.