दगडूच्या घरचं सुतक

भाईंदरजवळच्या मुर्धा गावात, खालच्या आळीत दगडूच्या घरचा टीव्ही बंद होता, आणि ही काही साधीसुधी गोष्ट नव्हती. त्या टीव्हीचा आवाजच एवढा, की शेजारच्यांनी आपले टीव्ही न लावता फुकटात बातम्या ऐकाव्यात. सकाळी चहाबरोबर सुरू व्हायचा तो दगडूचे डोळे मिटेपर्यंत. आणि अलीकडे ते मिटायचेच कुठे?

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माणसाला दुसरा उद्योगच उरला नव्हता. पडद्यावर चौघं जण एकमेकांच्या अंगावर ओरडायचे आणि घाम इकडे दगडूला फुटायचा. वादळ यायचं ओडिशाला, दोरीवरचे कपडे हा आत घ्यायचा. छातीत धडधड, रात्रभर घरात येरझाऱ्या. एकदा कुठल्याशा दोन देशांचं जुंपलं, तर गडी धर्मेशच्या दुकानातून मिठाची अख्खी गोण खांद्यावर टाकून आला. आता बोला! ज्याच्या आज्याने खाडीकाठी जन्मभर मीठ पिकवलं, त्याच्या नातवाने मीठ विकत आणून साठवावं! धर्मेश गल्ल्यावर बसून पोट धरून हसला. पुष्पलता मात्र हसली नाही. तिने गोण कोपऱ्यात सरकवली, नवऱ्याच्या हाताला धरलं आणि त्याला भाईंदर पूर्वेच्या एका डॉक्टरांकडे नेलं.

ते डॉक्टर मनाच्या आजारांचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, झोपेची एक बारीकशी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, काका, महिनाभर टीव्ही बंद. बातम्या हव्याच असतील तर पेपर वाचा, त्यातली माणसं निदान ओरडत तरी नाहीत.

दगडूने बायकोला एकच अट घातली. आळीत कुणाला कळता कामा नये. डोक्याच्या डॉक्टरकडे गेला म्हटल्यावर 'दगडू येडा झाला' म्हणायला लोक मोकळे, आणि असलं नाव एकदा चिकटलं की चितेपर्यंत सुटत नाही. पुष्पलताने देवासमोर शपथ घेतली. टीव्ही नजरेला पडून मोह नको, म्हणून त्यावर एक पांढरी चादरही टाकली.

सुरुवातीला दगडूचा हात सारखा रिमोट शोधायचा. मग तो ओट्यावर बसू लागला. परसातल्या शेवग्याच्या शेंगा त्याने उतरवल्या, पेपरातलं शब्दकोडं चुकीचं का होईना पण पूर्ण केलं, दाढीचा कंटाळा केला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला पहिल्यांदाच कळलं, की पुष्पलता भाकऱ्या थापताना लग्नातले धवले गुणगुणते. हे तू कधीपासून गातेस, असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली, लग्न झाल्यापासून, तुम्हाला ऐकू कुठे येत होतं! आणि एका रात्री त्याला अशी काही झोप लागली, की सकाळी तिने घाबरून त्याच्या नाकाशी बोट धरून पाहिलं.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण शेजारी चंद्रावती राहते, हे दोघंही विसरले होते.

चंद्रावतीने खिडकीतून डोकावून पाहिलं. आपल्याकडे घरात कुणी गेलं की टीव्ही लावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे तर टीव्ही बंद, वर पांढरी चादर, घरधन्याची दाढी वाढलेली. आणखी काय पुरावा हवा? दुपारी ती पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आली, पुष्पलताच्या पाठीवरून हात फिरवला आणि 'येते' असंही न म्हणता निघून गेली. दुखवट्याच्या घरातून कुणी 'येते' म्हणत नाही, पण पुष्पलताच्या डोक्यात हे शिरलंच नाही. तिला वाटलं, बाई घाईत असेल, आणि पिठलं जास्तीचं झालं असेल.

संध्याकाळी अर्धी आळी दारात. सगळे गुपचूप आत येऊन भुईवर बसले. दगडूला वाटलं, पाण्याच्या लाइनीबद्दल मीटिंग असेल. शेवटी त्याच्या बरोबर शाळेत शिकलेला हरिश्चंद्र जवळ सरकला आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "कोन गेला रं?"

तेव्हा कुठे दगडूच्या डोक्यात उजेड पडला. आता काय सांगायचं? खरं सांगावं तर अब्रू गेली. त्यापेक्षा पालघरकडचा एखादा लांबचा काका मारून टाकावा, कोण बघायला जातंय? काका जिभेवर येऊन उभाच राहिला होता. तेवढ्यात चंद्रावतीने मनाशीच हिशेब लावून डोळ्यांना पदर लावला आणि हुंदका देऊन म्हणाली, आनंदीमावशी होतीच तशी मायाळू.

आनंदीमावशी म्हणजे घोडबंदरला राहणारी पुष्पलताची आई. पुष्पलताने हंबरडाच फोडला. आपली आई गेली, साऱ्या गावाला कळलं आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नाही, असं तिला वाटलं. दगडूने लगेच घोडबंदरला फोन लावला. पलीकडून आनंदीबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, की चुलीवर कालवण आहे, करपेल, मागनं फोन कर. पुष्पलता हसत हसत रडली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण मग टीव्ही का बंद? सगळे दगडूकडे बघायला लागले. नवऱ्याची लाज राखायला पुष्पलता घाईघाईने म्हणाली, बिघडलाय. हरिश्चंद्र जुना वायरमन. एवढंच ना, म्हणत त्याने चादर बाजूला केली आणि बटण दाबलं. टीव्ही ठणठणीत! चौघं जण पडदा फाडून बाहेर येतील असे ओरडू लागले. दगडूच्या छातीत पुन्हा तीच धडधड, कपाळावर तोच घाम.

"बंद कर, हरी," तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला. "टीव्हीला काय न्हाय झाला. मना झालाय."

मग भुईकडे बघत त्याने सगळं सांगून टाकलं. धडधड, येरझाऱ्या, डॉक्टर, गोळी, अगदी मिठाच्या गोणीसकट. सांगून झाल्यावर तो लोकांच्या हसण्याची वाट बघत बसला. लोक हसलेही, पण गोणीला. चंद्रावतीने तर ती गोण प्रत्यक्ष बघायला मागितली, आणि ती बघताना दगडूलाच सगळ्यांत मोठं हसू फुटलं. आणलंच आहे तर खायला काय हरकत, म्हणून पुष्पलताने पिठलं-भात सगळ्यांना वाढला, वर शेवग्याच्या शेंगांची आमटी. गप्पा अशा रंगल्या, की कुणाच्या मालिकेची वेळ झाली आणि कधी टळली, कुणालाच पत्ता नाही.

सगळे गेले तरी हरिश्चंद्र उंबऱ्याबाहेर चपला शोधत होता. चपला त्याच्या पायातच होत्या.

"तो डॉक्टर..." तो हळूच म्हणाला, "रोज बसतो का?"

"कोनाला दाखवायचा हाय?" दगडूने विचारलं.

हरिश्चंद्रने आपल्या घराकडे पाहिलं. तिथून टीव्हीचा कालवा इथपर्यंत येत होता. "मना," तो म्हणाला. "लई दिवस झालं, झोप न्हाय."

दगडूने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "उद्या जाऊ," तो म्हणाला. "मी येतो संगती. पयल्यांदा डॉक्टरचा जिना एकट्यानं चढवत न्हाय."